लांब मेथड आणि बिनवापराची व्हेरिएबल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीममधली नवीन मुलं-मुली जे प्रश्न रिव्ह्यूत कमी आणि चहाच्या टपरीवर जास्त विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक एकाच प्रोग्राममधली आहेत. आमच्या हाउसिंग सोसायटीचं मासिक बिल काढणारा जावातला एक जुना प्रोग्राम ‘तू कॉम्प्युटरवाला ना’ एवढ्या एका पात्रतेवर माझ्या गळ्यात पडला. २१२ सदनिका, आणि सगळं काम एकाच मेथडमध्ये (मेथड म्हणजे नाव देऊन वेगळा ठेवलेला कोडचा तुकडा). तिचं नाव ‘बिल काढ’, लांबी ३४० ओळी. कोडमधली नावं इथे मराठीत लिहिली आहेत.

रिफॅक्टरिंग म्हणजे नेमकं काय? कोड साफ करणं आणि रिफॅक्टरिंग एकच का?

बाहेरून दिसणारं वागणं तसूभरही न बदलता आतली मांडणी बदलायची, याला रिफॅक्टरिंग म्हणतात. ‘मांडणी सुधारली आणि जाता जाता एक बगही मारला’ हे रिफॅक्टरिंग नाही, ती दोन कामं झाली. १९९२ साली विल्यम ऑपडाइक यांनी इलिनॉय विद्यापीठात या विषयावर पीएचडी केली. कुठला बदल कुठल्या अटी पाळल्या तर वागणं न बदलता करता येतो, हा त्यांच्या प्रबंधाचा गाभा. त्यातल्या छोट्या क्रियांच्या यादीत ‘कुठेच उल्लेख नसलेलं व्हेरिएबल काढणं’ हीसुद्धा एक आहे. म्हणजे हे काम वाटतं तितकं किरकोळ नाही.

मेथड किती ओळींची झाली की लांब म्हणायची?

ज्याला विचाराल तो वेगळा आकडा सांगेल. कोड आपोआप तपासणारी टूल्स, म्हणजे लिंटर, घ्या: रुबीचा रुबोकॉप १० ओळींनंतर कुरकुरतो, जावाचा चेकस्टाइल १५० पर्यंत गप्प बसतो, पायथॉनचा पायलिंट ५० विधानांनंतर टोकतो. लिनक्स कर्नलच्या लेखननियमांत फंक्शन एक-दोन स्क्रीनमध्ये मावावं असं म्हटलंय, आणि स्क्रीन म्हणजे २४ ओळींची जुनी टर्मिनलची. लोकल (फंक्शनच्या आतच जगणारी) व्हेरिएबल्स ५ ते १० च्या पुढे जाऊ नयेत, असंही तिथे आहे. मला यातला हा दुसरा नियम जास्त पटतो. ओळींपेक्षा डोक्यात एका वेळी किती नावं धरून ठेवावी लागतात, त्यानं माणूस थकतो.

टॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये ओळींऐवजी फाटे मोजायला सुरुवात केली. जितके इफ, जितकी लूप्स, तितके कोडमधून जाण्याचे रस्ते. त्यांनी सुचवलेली मर्यादा १० ची होती. ‘बिल काढ’चा आकडा मी एकदा काढून पाहिला. तो ५१ आला आणि मी लॅपटॉप मिटला.

माझी स्वतःची खूण आकड्याची नाही. मेथडच्या आत ‘// पाणीपट्टी’, ‘// पार्किंग’, ‘// थकबाकी’ अशा मथळेवजा कमेंट दिसल्या, की लिहिणाऱ्यालाच कळलेलं असतं की इथे चार-पाच मेथड एकत्र राहताहेत. नावंसुद्धा त्यानंच ठेवलेली आहेत. आपण फक्त भिंती घालायच्या.

फोडायला सुरुवात कुठून करू? सगळंच एकमेकांत गुंतलेलं आहे.

सगळ्यात कंटाळवाण्या तुकड्यापासून. मोह होतो तो सगळ्यात किचकट भागाला हात घालायचा, आणि तिथेच दोन दिवस जातात.

आमच्याकडे नॉन-ऑक्युपन्सीचा, म्हणजे सदनिका भाड्याने दिल्यावर लागणाऱ्या शुल्काचा भाग असा होता:

सेवा = सेवा शुल्क (सदनिका)
नॉन-ऑक्युपन्सी = ०
जर सदनिका भाड्याने दिली असेल आणि भाडेकरू जवळच्या नात्यातला नसेल, तर
    नॉन-ऑक्युपन्सी = सेवा × १० ÷ १००

महाराष्ट्रात हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, त्यामुळे गणित सोपं. या तुकड्याला आत दोनच गोष्टी लागतात, सदनिका आणि सेवा, आणि बाहेर एकच रक्कम येते. असा तुकडा शोधायचा: आत थोडं, बाहेर एक. इंटेलिजे या एडिटरमध्ये ओळी निवडून कंट्रोल-ऑल्ट-एम दाबा, एक्लिप्समध्ये ऑल्ट-शिफ्ट-एम, की तुकड्याची वेगळी मेथड होते. हातानं कट-पेस्ट करू नका. टूल तुकड्याला काय काय लागतं ते स्वतः मोजतं, आपण एखादं विसरतो.

असे तीन-चार सोपे तुकडे बाहेर पडले की उरलेल्या भागातला गुंता आपोआप उघडा पडतो. ‘बिल काढ’ पहिल्या संध्याकाळी ३४० वरून २६० वर आली, आणि तोपर्यंत मी अवघड असं काहीच केलं नव्हतं.

तुकडा वेगळा काढला, पण त्याला आठ पॅरामीटर (बाहेरून आत द्यायच्या गोष्टी) लागताहेत. आता?

मग चिरलंय चुकीच्या जागी. कंट्रोल-झेड.

बऱ्याचदा त्या आठांतली चार-पाच ही नुसती तात्पुरती व्हेरिएबल्स असतात: वर कुठेतरी एकदा मोजलेली आणि खाली शंभर ओळींनी वापरलेली. अशा व्हेरिएबलच्या जागी ते मोजणारी छोटी मेथड ठेवली, की पॅरामीटर गळून पडतो. आमच्या ‘क्षेत्रफळ’, ‘दर’ आणि ‘मजला’ या तिघांच्या जागी सरळ ‘सदनिका’ गेली. तिच्यात हे सगळं होतंच. तरीही गुंता सुटत नसेल, तर ती मेथड खरं म्हणजे एक क्लास आहे. तिची लोकल व्हेरिएबल्स त्या क्लासची फील्ड्स करा आणि मग आत निवांत फोडा.

तुकडा दोन-तीन व्हेरिएबल्स बदलत असेल, तर जावात पंचाईत होते, कारण मेथड एकच गोष्ट परत देते. अशा वेळी आधी तो तुकडाच दोन करता येतो का ते बघा. एका लूपमध्ये पाणीपट्टीची बेरीज आणि थकबाकीची बेरीज दोन्ही चालू असतील, तर दोन लूप्स करा. २१२ सदनिकांवर दोनदा फिरल्यानं काही बिघडत नाही.

आमच्याकडे एकही टेस्ट नाही. हात लावायची भीती वाटते.

भीती योग्य आहे. पण बिलं बरोबर आहेत का हे आत्ता तपासायचंच नाही. आज जशी निघतात तशीच उद्या निघतात का, एवढंच बघायचं. मी मागच्या १२ महिन्यांचा डेटा घेऊन जुन्या कोडनं सगळी बिलं काढली आणि टेक्स्ट फाइलमध्ये ठेवली. १२ गुणिले २१२ म्हणजे २,५४४ बिलं. प्रत्येक छोट्या बदलानंतर पुन्हा काढायची आणि डिफ मारायचा, म्हणजे जुन्या-नव्या फाइलींतला फरक बघायचा. डिफ रिकामा आला तर कमिट (बदल इतिहासात नोंदवायचा), नाही तर मागे. छपाईची तारीख दर वेळी बदलत होती, ती आधी गोठवावी लागली, एवढीच काय ती अडचण.

अशा टेस्ट चुकासुद्धा जपून ठेवतात. हे लक्षात असू द्या. पुढच्या प्रश्नात त्याचा झटका कसा बसला ते येईलच.

एडिटर व्हेरिएबल करडं, म्हणजे न वापरलेलं, दाखवतोय. सरळ डिलीट करू?

आधी एक विचारा: हे उरलेलं आहे की विसरलेलं?

उरलेलं म्हणजे काम संपल्यावर राहून गेलेलं. ते खुशाल काढा. विसरलेलं म्हणजे कुणीतरी ते मोजलं, पुढे वापरायचंही होतं, आणि वापरायचं राहिलं. दोन्ही एडिटरला सारखीच करडी दिसतात.

‘बिल काढ’मध्ये १८० व्या ओळीच्या आसपास हे होतं:

व्याज = थकबाकी × २१ ÷ १०० ÷ १२

आणि खाली:

एकूण = सेवा + पाणी + पार्किंग + नॉन-ऑक्युपन्सी + थकबाकी

‘व्याज’ पुन्हा कुठेच नाही. जावाचा कंपायलर न वापरलेल्या लोकल व्हेरिएबलबद्दल अवाक्षर काढत नाही, त्यामुळे ही ओळ वर्षानुवर्षं तिथे पडून होती. मी करडा रंग पाहिला, ओळ काढली, डिफ मारला. २,५४४ बिलं जशीच्या तशी. कमिट केलं आणि खूश होऊन झोपलो.

सात महिन्यांनी ऑडिटरचा शेरा आला: थकबाकीवर उपविधीप्रमाणे व्याज आकारलेलं दिसत नाही. आमच्या उपविधीत २१ टक्के सरळ व्याज लिहिलेलं आहे. १८,००० रुपये थकवणाऱ्याला महिन्याला ३१५ रुपये लागायला हवे होते आणि लागत होते शून्य. खजिनदार काका म्हणाले, “अरे, हे थकबाकीवाले इतके निवांत कसे असतात ते आत्ता कळलं.”

कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या गिटचा इतिहास उपसला तेव्हा उलगडा झाला. पूर्वी एकूणच्या ओळीत ‘+ व्याज’ होतं. एका तिमाहीपुरती कमिटीनं व्याजमाफी दिली, तेव्हा आधीच्या माणसानं ते तिथून काढलं. कमिटचा मेसेज होता, ‘तात्पुरतं’. परत घालायचं राहिलं ते राहिलंच. म्हणजे बग माझा नव्हता. पण बग आहे हे सांगणारी एकुलती एक खूण मात्र मी पुसली होती, आणि माझ्या टेस्टनी मला शाबासकी दिली होती.

तेव्हापासून काढण्याआधी त्या ओळीचा इतिहास बघतो. अर्धं मिनिट लागतं.

विसरलेलं आहे हे ओळखायचं कसं?

उजवी बाजू बघा. ‘मोजणी = ०’ असेल तर बहुधा उरलेलं. पूर्ण सूत्र असेल, एखाद्या नियमाचा आकडा असेल, तर कुणीतरी डोकं लावून लिहिलंय, मग संशय घ्या.

पायथॉनमध्ये आणखी एक गंमत होते. तिथे व्हेरिएबल जाहीर करावं लागत नाही, त्यामुळे ‘एकूण’च्या जागी हात घसरून ‘एकुण’ लिहिलं की नवं व्हेरिएबल जन्माला येतं आणि जुन्यातली रक्कम तशीच राहते. अशा वेळी ‘न वापरलेलं व्हेरिएबल’ ही वॉर्निंग म्हणजे खरं तर ऱ्हस्व-दीर्घ तपासणी असते. फ्लेक-८ या पायथॉनच्या लिंटरमध्ये तिचा क्रमांक एफ-८४१.

याच कुळातला जावातला बग म्हणजे बिगडेसिमलची (अचूक दशांश आकड्यांसाठीच्या प्रकाराची) बेरीज करून उत्तर कुठेच न ठेवणं. बिगडेसिमल स्वतः बदलत नाही, नवीन रक्कम परत देतो. ती झेलली नाही तर बेरीज हवेत जाते. इथे व्हेरिएबल करडं होत नाही, कारण व्हेरिएबलच नाही.

व्हेरिएबल वापरात नाही याची खात्री आहे. मग पूर्ण ओळ काढली तर चालेल ना?

डावी बाजू काढा, उजवी जपून. ‘पावती = पुढचा पावती क्रमांक ( )’ या ओळीतली ‘पावती’ पुढे वापरलेली नसेल, पण ती हाक मारल्यानं डेटाबेसमधला क्रमांक एकनं पुढे जातो. ओळ काढली की क्रमांक तिथेच अडकतो. इंटेलिजे अशा वेळी विचारतं की उजवीकडची हाक ठेवायची का. न वाचता एंटर मारणाऱ्यांसाठी तो प्रश्न असतो.

रस्टमध्ये हे आणखी नाजूक आहे. लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेऊन ते धरून ठेवणारा गार्ड एका व्हेरिएबलमध्ये ठेवतात, पुढे त्याचं नावही घेत नाहीत, पण ते जिवंत आहे तोवर लॉक टिकतं. वॉर्निंग घालवायला त्याचं नाव नुसतं अंडरस्कोर केलं की गार्ड जागच्या जागी सुटतो आणि लॉक उघडं पडतं. अंडरस्कोर लावून पुढे नाव लिहिलं तर मात्र टिकतो. एका चिन्हाचा फरक.

कुठली भाषा याबाबत किती कडक आहे?

सगळ्यात कडक गो. फंक्शनच्या आत व्हेरिएबल जाहीर केलं आणि वापरलं नाही, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही, इम्पोर्टचंही तेच. डीबग करताना एक ओळ कमेंट केली की दुसरीकडे कंपायलर ओरडतो, याचा वैताग येतो खरा, पण ‘व्याज’सारखी ओळ गोमध्ये एक दिवसही टिकली नसती. पॅरामीटर आणि पॅकेजच्या पातळीवरची व्हेरिएबल्स यांना मात्र गो सूट देतो. रस्ट वॉर्निंग देतो. सी आणि सी++ साठी जीसीसीला ‘वॉल’चा फ्लॅग द्यावा लागतो. टाइपस्क्रिप्टमध्ये ‘नो अनयूज्ड लोकल्स’ स्वतः चालू करावं लागतं, जावास्क्रिप्टला ईएसलिंट. जावा आणि पायथॉन स्वतःहून काहीच बोलत नाहीत.

कधी कधी व्हेरिएबल लिहावंच लागतं पण वापरायचं नसतं. तेव्हा?

अंडरस्कोर. पायथॉनमध्ये तो रिवाज आहे, गोमध्ये भाषेचाच भाग. जावात मार्च २०२४ च्या २२ व्या आवृत्तीपासून बिननावाचं व्हेरिएबल म्हणून तो अधिकृत झाला. सी++ मध्ये २०१७ च्या मानकापासून ‘मेबी अनयूज्ड’ अशी खूण लावता येते. वॉर्निंग दाबण्यासाठी व्हेरिएबल उगाच लॉगमध्ये छापणारेही पाहिलेत. ते करू नका.

अशी व्हेरिएबल्स राहिली तर प्रोग्राम हळू होतो का? आणि छोट्या मेथडमुळे?

पहिल्याचं उत्तर, जवळजवळ कधीच नाही. कंपायलरमधला ऑप्टिमायझर ती उडवून टाकतो. उलट कधी तो जास्तच उत्साही निघतो: सीमध्ये पासवर्ड वापरून झाल्यावर ती जागा शून्यानं पुसली, तर ‘पुढे कुणी वाचतच नाही’ म्हणून कंपायलर पुसण्याची ओळच काढू शकतो. त्यासाठी ‘एक्स्प्लिसिट बीझीरो’सारखी वेगळी फंक्शन्स आहेत.

दुसऱ्याचं उत्तर बहुतेकांना उलटं वाटतं. जावाचे प्रोग्राम चालवणारा हॉटस्पॉट ८,००० बाइटपेक्षा मोठ्या बाइटकोडची मेथड एरवी मशीन कोडमध्ये बदलतच नाही, ती कायम इंटरप्रिटरवर रखडते. छोट्या मेथड मात्र तो स्वतःच जागच्या जागी जोडून घेतो. म्हणजे फोडल्यानं वेग वाढण्याचीच शक्यता जास्त. अर्थात सोसायटीच्या बिलांना दोन सेकंद लागले काय आणि तीन काय.

मेलेला कोड पडून राहिला म्हणून असं काय आभाळ कोसळतं?

१ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर कंपनीवर कोसळलं. त्यांच्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाचा भाग २००३ पासून वापरात नव्हता, पण काढलेला नव्हता. नव्या फीचरसाठी त्याचाच जुना फ्लॅग (चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला गेला. नवा कोड ८ पैकी ७ सर्व्हरवर चढला, एक राहिला. बाजार उघडल्यावर त्या एका सर्व्हरवर फ्लॅगनं नवं फीचर नाही, तर जुना पॉवर पेग जागा केला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त तोटा.

आणि काढल्यामुळे कोसळल्याचं उदाहरण?

तेही आहे, आणि ते प्रत्येक लिंटरभक्तानं वाचावं असं आहे. २००६ मध्ये डेबियन या लिनक्सच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजमध्ये व्हॅलग्राइंड हे टूल तक्रार करत होतं की भरलेली नसलेली मेमरी वाचली जातेय. तक्रार थांबावी म्हणून दोन ओळी बंद केल्या. त्यांतली एक ओळ यादृच्छिकतेचा साठा भरण्याचं मुख्य काम करत होती. त्यानंतर तयार होणाऱ्या एन्क्रिप्शनच्या कीमध्ये बदलणारी गोष्ट एकच उरली, प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे जाहीर झालं, तोवर जगभर अशा की पसरल्या होत्या.

काढायची भीती वाटते म्हणून कमेंट करून ठेवलं तर?

नको. कमेंट केलेला कोड कंपाइल होत नाही, तपासला जात नाही, आणि सहा महिन्यांनी तो का ठेवला हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. गिट आहे ना. ‘गिट लॉग’ला मोठ्या लिपीतला ‘एस’ आणि पुढे व्हेरिएबलचं नाव दिलं, की ते नाव जिथे आलं किंवा गेलं ते कमिट मिळतात. ‘व्याज’चा माग मला असाच लागला.

हे सगळं रिव्ह्यूला एकत्र पाठवू का?

मेथड फोडणं वेगळं, व्हेरिएबल काढणं वेगळं, बग दुरुस्ती वेगळी. ६०० ओळींच्या डिफमध्ये रिव्ह्यू करणारा ‘दिसतंय बरं’ एवढंच लिहितो आणि त्याचं चुकतही नाही. व्हेरिएबल काढतानाच्या मेसेजमध्ये ते उरलेलं का आहे, ते एका वाक्यात लिहा. वाक्य सुचलं नाही, तर अजून बघितलेलं नाही.

मॅनेजर वेळ देत नाही, हा उपप्रश्न नेहमी येतो. वेगळा वेळ मागू नका. ज्या मेथडमध्ये आज काम आहे तिचाच एक तुकडा बाहेर काढा.

एआय असिस्टंटला सांगितलं तर?

फोडण्याचं काम तो झटपट करतो आणि नावंही बरी देतो. पण ‘व्याज’ तोही माझ्याच आत्मविश्वासानं काढेल. कमिटीची व्याजमाफी त्याला कुणी सांगितलेली नसते.

मग सगळ्याच लांब मेथड फोडायच्या?

नाही. एकाखाली एक सरळ चालणारी, फाटे नसलेली मेथड लांब असली तरी वाचता येते. आमच्याकडे बिल छापणारी ९५ ओळींची मेथड आहे: सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, सदनिका, तक्ता, खाली खजिनदारांच्या सहीची जागा. वरून खाली वाचली की कागदच डोळ्यांसमोर येतो. ती मी तशीच ठेवली. फक्त तक्त्यात व्याजाचा एक रकाना वाढवला.